आलिशान कौटुंबिक गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची? दहा वर्षांचा हिशेब कसा मांडावा?

पाच जणांच्या कुटुंबासाठी मोठी आलिशान एसयूव्ही घ्यायची, वर्षाला सुमारे १५,००० किलोमीटर चालवायची आणि आठ-दहा वर्षे ठेवायची, तर दोहोंपैकी कोणती स्वस्त पडेल, असे आपण विचारले आहे. मी सात वर्षे पेट्रोलवरची अशी गाडी वापरली आणि गेली चार वर्षे विजेवरची वापरतो आहे. दोन्हींच्या खर्चाची वही ठेवली आहे, तिच्या आधारे लिहितो.

इंधनापासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथूनच करतात. या वर्गातील गाडीत तो सर्वांत मोठा खर्च मात्र नव्हे. माझी जुनी गाडी शंभर किलोमीटरला ११ लिटर पेट्रोल पीत असे, म्हणजे वर्षाला १,६५० लिटर. आताची गाडी तेवढ्याच अंतराला २२ युनिट घेते, पण चार्ज करताना वाया जाणारी वीज धरली तर मीटरवर २५ युनिट पडतात. वर्षाचे झाले ३,७५०. याचा अर्थ, एका लिटरचे काम सव्वादोन युनिटांत होते. पेट्रोल इंजिनात इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, त्यामुळे या आकड्याचे नवल वाटू नये.

पैशांऐवजी लिटरमध्ये हिशेब मांडण्याची मला सवय लागली आहे, आणि ती आपणही लावून घ्यावी असे सुचवतो. समजा, घरच्या विजेचे एक युनिट एक लिटर पेट्रोलच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाला पडते. मग वर्षाची वीज ३७५ लिटरांची झाली आणि बचत सुमारे १,२७५ लिटरांची. आता घसारा पाहा. खरेदीच्या किमतीतून विक्रीची किंमत वजा करा, दोन्ही गाड्यांसाठी करा, आणि विजेच्या गाडीवर जास्त बुडणारी रक्कम ८,००० लिटरांइतकी निघाली असे धरा. ती भरून यायला सव्वासहा वर्षे लागतील. परंतु घरी चार्जिंगची सोय नसेल आणि जलद चार्जरवर तेच युनिट पाव लिटरला पडत असेल, तर बचत जेमतेम ७१० लिटर उरते आणि तीच भरपाई अकरा वर्षांवर जाते. घरी रात्री प्लग लावता येतो की नाही, या एका गोष्टीने उत्तर असे उलटते.

घसाऱ्याचा अंदाज बांधणे अवघड असते. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अनेक देशांत नव्या गाड्यांच्या किमती एकदम उतरवल्या, तेव्हा ज्यांनी नुकतीच गाडी घेतली होती त्यांच्या गाडीची किंमत जागेवर उभ्या उभ्या घसरली. पेट्रोल गाडीला असे धक्के सहसा बसत नाहीत. ती उतरते, पण ठरलेल्या पायऱ्यांनी.

बॅटरीची धास्ती मला प्रमाणाबाहेर वाटते. माझ्या बॅटरीची क्षमता चार वर्षांत ७ टक्के घटली आहे. बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. आपल्या वापरात किलोमीटर शिल्लक राहतील आणि वर्षे आधी संपतील, म्हणजे नववे-दहावे वर्ष हमीविना काढायचे आहे, हे लक्षात असू द्यावे.

देखभालीत तेल, स्पार्क प्लग, बेल्ट हे सारे सुटते. वेग कमी करताना बहुतेक वेळा मोटरच गाडी आवरते, त्यामुळे ब्रेक पॅड अजून मूळचेच आहेत. उलट कमी वापरामुळे मागच्या ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे भाग, अडकू लागले होते, ते साफ करून घ्यावे लागले. टायर मात्र हात सैल करायला लावतात. व्होल्वोच्या पेट्रोलवरची एक्ससी९० आणि १११ युनिटांची बॅटरी असलेली विजेवरची ईएक्स९० या दोन्ही मोठ्या कौटुंबिक गाड्या, पण वजनात अर्ध्या टनाहून अधिक फरक आहे, आणि तो टायरच सोसतात. जुन्या गाडीचे टायर ४८,००० किलोमीटर चालले, या गाडीचा पहिला संच ३४,००० वर आतल्या कडेने गुळगुळीत झाला. विम्याचे दरपत्रक दोन्ही गाड्यांसाठी आधीच मागवा; बॅटरीच्या कवचाला खालून मार बसला तर दुरुस्ती महाग असल्याने हप्ता बहुधा जास्त येतो.

आलिशानपणाचा खर्च मात्र दोन्हीकडे सारखाच. सहाव्या वर्षी एका सकाळी माझी पेट्रोल गाडी पुढचा डावा गुडघा टेकलेल्या उंटासारखी बसलेली दिसली. एअर सस्पेन्शनची, म्हणजे गाडी तोलून धरणारी हवेची, पिशवी फुटली होती आणि तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसरही जळाला होता. त्या एका बिलात सात वर्षांचे ऑइल बदल सहज बसले असते. विजेची गाडी घेतली म्हणून ती पिशवी अधिक टिकत नाही, त्यामुळे पाचव्या वर्षानंतर त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा.

घरी चार्जिंग होत असेल, तर आपल्या जागी मी दोन-तीन वर्षे वापरलेली विजेची गाडी घेईन: पहिला मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो आणि बॅटरीची पाच-सहा वर्षांची हमी उरलेली असते. सौदा करण्यापूर्वी बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल लेखी मागावा. घरी सोय नसेल, तर पेट्रोलचीच घ्या.