इंग्लंडच्या मिल्टन ॲबस गावातली मातीची घरं अडीचशे वर्षं कशी टिकली? आपल्याकडची का टिकत नाहीत?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही. आपल्याकडचीही टिकतात. आपणच सिमेंट थापून त्यांची वाट लावतो.

डॉर्सेटमधल्या याच गावात मी भाड्याने राहत होतो. गाव दिसायला गोंडस, पण जन्मकथा दांडगाईची. जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, याला आपल्या हवेलीशेजारी जुनं बाजाराचं गाव नको झालं. त्याने ते हळूहळू पाडलं आणि १७८०च्या सुमारास शेजारच्या दरीत नवं गाव वसवलं. आखणीत बागा-परिसर रचणारा कॅपेबिलिटी ब्राउन आणि वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स अशी बडी नावं. एक वकील जागा सोडेना, तो कोर्टात लॉर्डविरुद्ध जिंकलाही. आज एकेका कुटुंबाचं दिसणारं घर तेव्हा दोन कुटुंबांसाठी बांधलेलं होतं. गरिबांच्या मायेपोटी काही हे झालं नाही, पण बांधकाम चोख: माती, पेंढा आणि खडू तुडवून रचलेल्या जाड भिंती, वर तीव्र उताराचं शाकारलेलं छप्पर, बाहेरून चुना.

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत मात्र कायम ओली. आधी कुणीतरी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. मालकाने चुन्याचं काम करणारा गवंडी बोलावला. त्याने थापीच्या दांड्याने ठोकलं, बद्द आवाज आला. गिलाव्याचा पापुद्रा हाताएवढा निघाला आणि आतल्या मातीत माझा अंगठा सहज रुतला. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नव्हती, खालची माती लोण्यासारखी झाली होती. सगळा गिलावा काढून त्याने भिंत उन्हाळाभर तशीच सुकू दिली. खचलेला भाग पेंढा-मातीने भरला, मग चुन्याचे पातळ थर. चुना भरकन वाळून तडकू नये म्हणून वर ओली गोणपाटं टांगली. पुढच्या हिवाळ्यात भिंत कोरडी. संरक्षित यादीतलं घर, त्यामुळे परवानगीला वेळ गेला. तो जायलाच हवा. मनाला येईल तसं काम करणं तिथे गुन्हा आहे आणि हा कायदा मला पटतो.

हेच मी आमच्या दादाला कितीदा सांगितलं. साताऱ्याकडचं आमचं घर पांढऱ्या मातीचं. आजोबा दरवर्षी दिवाळीआधी भिंती लिंपून घ्यायचे. दादाने "एकदाच काय ते पक्कं करू" म्हणत सिमेंट मारलं. आता पावसाळ्यात पोपडे धरतात आणि दोष मातीला. त्याचं म्हणणं, तिकडे रिमझिम, आपल्याकडे धो धो. अरे, मग वळचण पुढे काढ, जोतं उंच घे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडू देत. सिमेंटने पाऊस कमी होतो का?

जिथे पुराचं पाणी जोत्यावर चढतं तिथे मातीची भिंत टिकणार नाही, हे मान्य. आणि भिंत फुगली असेल तर आधी टेकू द्या, मगच गिलावा काढा, नाहीतर अंगावर येईल.

दादा, तू इथे वाचतोस हे मला ठाऊक आहे. मागच्या भिंतीचं सिमेंट थंडी सरताच काढायला घे. चुना आणि गवंड्याचा खर्च माझा.