खुंटीवरचा पाय

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हात किंवा पाय गमावलेल्या माजी सैनिकांना मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत तू रुजू होणार आहेस आणि पहिल्याच वर्षी शंभर कृत्रिम पाय वाटण्याचा तुमच्या विश्वस्तांचा संकल्प आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र त्या शंभराच्या आकड्याने मला थोडे अस्वस्थही केले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कार्यशाळेत मी सव्वीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर सातारा-सांगलीकडच्या एका लहान न्यासाबरोबर गावोगाव फिरलो, हे तुला ठाऊक आहे. त्या फिरतीत मला एक सवय जडली. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी दाराच्या मागे पाहतो. मालक कुबडीवर पुढे येऊन आग्रहाने चहा पाजतो आणि त्याला मिळालेला पाय मात्र तिथे खुंटीला, रेनकोटाच्या शेजारी टांगलेला असतो. देणाऱ्याच्या अहवालात त्या पायाची नोंद ‘एक लाभार्थी’ अशी झालेली असते.

पाय खुंटीवर का जातो, हे नीट समजून घेतलेस तर या कामातले अर्धे तुला समजले असे मी म्हणेन. पाय कापल्यानंतर जो भाग उरतो, ज्याला आम्ही आणि जवानही ‘स्टंप’च म्हणतो, तो पहिले वर्षभर आकार बदलत राहतो. सूज उतरते, स्नायू आटतात आणि आज घट्ट बसलेले सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर बसणारी वाटी, चार महिन्यांत सैल होते. मग आत एकावर एक मोजे चढवून काम भागवावे लागते, आणि मोज्यांनीही भागेनासे झाले की नव्याने प्लास्टरचा साचा घेऊन सॉकेट बदलावेच लागते. वजन वाढले किंवा घटले तरी तेच. उन्हाळ्यात आत घाम साचतो, पावसाळ्यात त्वचा भिजून सोलवटते, आणि एकदा फोड आला की तो बरा होईपर्यंत पाय काढून ठेवावा लागतो. जवळपास दुरुस्ती करणारे कुणी नसेल तर त्या आठ दिवसांचे आठ महिने कसे होतात, ते घरच्यांनाही कळत नाही. थोडक्यात, पहिला पाय देणे ही सुरुवात आहे; तुमचा अर्थसंकल्प मात्र तिथेच संपत असावा, असे तुझ्या पत्रावरून वाटते.

दुसरे कारण आपल्या राहणीत आहे. गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘मला पळता येईल का’ असा क्वचितच असतो. ‘मांडी घालता येईल का’ हे तो आधी विचारतो. पंगतीत बसणे, देवापुढे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे, चिखलाच्या बांधावरून अनवाणी जाणे, यांवर त्याचा दिवस उभा असतो. मांडी घालता यावी म्हणून गुडघ्याच्या सांध्याच्या वर फिरणारी चकती बसवता येते, आणि ती बसवून दिल्यावर जेवणाच्या ताटापाशी मुलांबरोबर बसलेला हवालदार मी पाहिला आहे. जयपूर फूट 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तोही याच गरजेतून. बूट न घालता चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी. महागडा विदेशी पाय हा सर्वांत चांगला पाय, असे देणगीदारांना वाटते. भातखाचरात उतरणाऱ्या माणसाला विचारून पाहा.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या न्यासाने एका वर्षी सभागृह घेऊन मोठा वितरण सोहळा केला. व्यासपीठ, हार, छायाचित्रे, सारे यथासांग झाले. मोजमापे दोन दिवसांच्या शिबिरात घाईने घेतली होती, आणि चालण्याचा सराव, ज्याला समांतर दांड्यांमध्ये कित्येक दिवस द्यावे लागतात, तो सोहळ्याच्या सकाळी तासभर उरकला. नायक हुद्द्याचा एक जवान व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना सर्वांसमोर पडला. तो उठला, त्याने सलाम ठोकला, टाळ्याही पडल्या. पुन्हा त्याने तो पाय लावला नाही. त्यानंतर आम्ही सोहळे बंद केले. तुमच्या विश्वस्तांना सोहळा हवाच असेल, तर तो पाय दिल्यानंतर एक वर्षाने ठेवा, असे त्यांना सुचवून पाहा.

तुमच्या कामाची जागा कोणती, हेही आधी ठरवायला हवे, कारण हे मैदान मोकळे नाही. पुण्याचे सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून चालू आहे आणि सेवेत असताना पाय गमावलेले देशभरातले जवान तिथे येतात. जखमी सैनिकांना हाताला काम शिकवण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि आजही देणग्यांच्या आधाराने तेच काम करते. निवृत्तांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, आणि 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी 1949 पासून गोळा होतो आहे. मग धर्मादाय संस्थेने करायचे काय, असे तू विचारशील. माझे उत्तर असे की, ज्या खर्चाला कोणत्याही योजनेत रकाना नाही तो तुम्ही उचला. दुर्गम गावातून पुण्याला येण्याचे एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी, न्हाणीघरातली पकडायची दांडी, उंबऱ्याचा उतार, जास्तीचे मोजे, आणि गावाजवळ दर तीन महिन्यांनी येणारा एक तंत्रज्ञ. यात फोटो काढण्यासारखे काही नाही. खुंटीवरचे पाय मात्र यानेच खाली उतरतात.

कागदपत्रांचा कंटाळा करू नकोस. मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची किती टक्केवारी लिहिली आणि जखम युद्धातली मानली की सेवेतली, यावर पेन्शनचे गणित आयुष्यभर बदलते, आणि ‘बोर्ड आऊट’ होऊन, म्हणजे या बोर्डाने सेवेस अपात्र ठरवल्यामुळे, घरी आलेल्या शिपायाला हा फरक बहुधा कुणी समजावलेला नसतो. त्याचे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश शांतपणे वाच आणि त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकटे पाठवू नकोस, सोबत जा. मी पाहिलेल्या कित्येक घरांत दिलेल्या पायापेक्षा दुरुस्त झालेल्या एका आदेशाने अधिक आधार दिला.

याच ओघात एक नाजूक गोष्ट. देणगीदारांना रणांगणावर पाय गेलेला वीर हवा असतो. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी 1971 च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने कापला आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियनचे नेतृत्व केले, ही कथा सांगितली की खिसे मोकळे होतात, आणि ती सांगायला हवीच. पण 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर तैनात असताना, युद्ध झालेच नाही, तरी सीमेवर सुरुंग पेरताना आणि नंतर ते काढताना कित्येकांचे पाय गेले. निवृत्तीनंतर मधुमेहाने पाय गेलेला सुभेदार आहे, ट्रकखाली पाय गेलेला लान्स नाईक आहे. त्यांच्या स्टंपला वेगळे दुखत नाही. तुमच्या अर्जाच्या नमुन्यात ‘पाय कसा गेला’ हा रकाना सर्वांत वर असेल, तर तो खाली घे.

दुखण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नसलेल्या पायाची बोटे रात्री आवळल्यासारखी दुखतात, जळतात, आणि आपल्याला वेड लागले असे लोक म्हणतील या भीतीने जवान ते बोलत नाही. त्याच्या बायकोला ते माहीत असते. तिच्याशी स्वयंपाकघरात, त्याच्या गैरहजेरीत, एखाद्या सहकारी भगिनीने बोलावे अशी व्यवस्था कर. ही वेदना खरी असते, मेंदूत त्या पायाचा नकाशा शिल्लक असल्याने ती होते, आणि औषधांनी किंवा आरशापुढे करायच्या व्यायामाने अनेकांची कमी होते, एवढे एखाद्या जाणत्या माणसाने सांगितले तरी चेहरा सैलावतो. आणि हे सांगायला सर्वांत योग्य माणूस कोण, तर ज्याचा स्वतःचा पाय गेलेला आहे तो. मेजर डी. पी. सिंग यांचा पाय 1999 मध्ये गेला आणि पुढे कृत्रिम पायावर धावू लागल्यावर त्यांनी अशाच माणसांना एकमेकांशी जोडण्याचे काम उभे केले, ते यामुळेच टिकले असे मला वाटते. नागालँडचे होकातो सेमा यांचा पाय 2002 मध्ये सुरुंगाने गेला आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी गोळाफेकीत कांस्यपदक मिळवले. त्यांचे चित्र कार्यालयात लाव, पण नव्याने पाय गेलेल्या माणसाला पहिल्या भेटीत दाखवू नकोस. त्याला त्या दिवशी मोरीपर्यंत जायचे असते.

विश्वस्तांना शंभर पायांऐवजी तीस माणसे आणि पाच वर्षे असा प्रस्ताव लिहून दे. वर्षाअखेरीच्या अहवालात पाय रोज किती तास वापरात आहे, एवढा एकच प्रश्न घालण्याचा आग्रह धर. ते नाराज होतील. होऊ देत, पहिल्या वर्षी आमचेही झाले होते.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी साताऱ्यात आहे. कोरेगावच्या पुढे तिघांकडे जायचे राहिले आहे, त्यांतल्या एकाचे सॉकेट सैल झाल्याचा निरोप आला आहे. जमले तर सोबत ये. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा स्टंपच्या मोज्यांचे दोन जोड जास्तीचे आण, आणि टॉर्चही. त्यांच्या वाडीत संध्याकाळी वीज नसते.

तुझा,
जुना सहकारी