बोअर नंतर, आधी नोव्हेंबरचा हप्ता थांबवा

पुरंदर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ६१, खासगी कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त. वाटणीत आलेली २० गुंठे जिरायत जमीन आहे. तिथे नळ नाही, वीज नाही, भावकीच्या विहिरीत हिस्सा नाही. अवजारं ठेवायला १२ बाय २० फुटांची पत्र्याची शेड तेवढी आहे. ८० केशर आंबे लावायचे मनात आहे आणि तिसऱ्या वर्षापासून लाखभर उत्पन्नाची आशा. प्रश्न असा : अडीच लाखांत बोअर आणि सोलर पंप घ्यावा, की तीन लाखांत कागद टाकलेलं शेततळं करावं?

पैशांचं त्यांनी चार ओळींत उरकलं आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ३८ लाख आले. ६ लाख मुलीच्या लग्नाला गेले. ५ लाख गेल्या नोव्हेंबरात बँकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून ‘गॅरंटीड स्कीम’मध्ये टाकले. ती ७ वर्षं भरायची, मग दहाव्या वर्षापासून पुढची १० वर्षं दरवर्षी ५ लाख ६० हजार मिळणार. उरलेले २७ लाख एफडीत. पेन्शन महिना ३,०००, पत्नीचं शिवणकाम ४,०००, घरखर्च २५,०००.

काका, तुमचा प्रश्न पाण्याचा आहे, पण मला झोप लागू देत नाही ती ती ‘स्कीम’. ती ठेव नाही, आयुर्विमा पॉलिसी आहे. एक हप्ता गेला, सहा राहिले. सहा पंचे तीस लाख. तुमच्याकडे आहेत सत्तावीस! त्यातूनच घरही चालवायचं आहे. एफडीचं व्याज धरूनही आणखी चार हप्ते भराल आणि पाचव्याला खातं रिकामं असेल. साठाव्या वर्षी, पगार थांबलेल्या माणसाला वर्षाला पाच लाखांचा हप्ता लावून देणाऱ्याने तुमचं उत्पन्न एकदा तरी विचारलं होतं का?

समजा पैसे असते, तरी काय मिळालं असतं? ३५ लाख भरून ५६ लाख. ऐकायला दीडपटीहून जास्त. पण भरायचं आज आणि घ्यायचं वयाच्या सत्तरीत, त्यामुळे परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास बसतो. पहिला हप्ता निम्मा बुडाला असं धरून फक्त पुढच्या पैशांचा हिशोब केला, तरी साडेपाचच्या वर जात नाही. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, तीही दर तिमाहीला हातात. तुमच्या बँकेतही ती मिळते. ती कोणी सुचवली नाही, कारण विम्याच्या पहिल्या हप्त्यावर जितकं कमिशन असतं तितकं तिच्यावर नाही. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले की आठवड्याच्या आत असा फोन येतो, हे मी पत्रामागून पत्रात वाचतो आहे.

आता काय करता येईल? पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता आली असती. ती मुदत गेली. दुसरा हप्ता भरू नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पूर्ण वर्षाचा एक हप्ता भरला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद केली, तरी काही रक्कम परत मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. तोवर प्रस्ताव अर्जाची प्रत मागा आणि त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. न मिळणारा पगार तिथे मांडलेला असेल, तर ‘चुकीची माहिती देऊन विकली’ अशी तक्रार आधी कंपनीकडे करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जा. तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही. काही मिळालं तर उत्तम. तुमचा हिशोब मात्र ते पाच लाख नाहीतच असं समजून करू.

२७ पैकी २२ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. वर्षाला १ लाख ८० हजार. ४ लाख दवाखान्यासाठी एफडीत, त्याचे पंचवीस हजार. पेन्शन ३६ हजार, शिवणकाम ४८ हजार. बेरीज २ लाख ९० हजार. खर्च ३ लाख. दहा हजार कमी, म्हणजे जेमतेमच. राहिला १ लाख, आणि पाण्याचा सगळा कारभार त्यातच बसवायचा.

बोअरचं सांगतो. नारळ घेऊन फिरणाऱ्याने दोनशे फुटांवर पाणी ‘दाखवलं’ म्हणता, आणि त्याच पत्रात शेजाऱ्याचा चारशे फुटांचा बोअर कोरडा गेल्याचंही लिहिता. आपल्याकडचा काळा पाषाण असाच आहे. भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ, आणि पैसे दोन्हीचे सारखेच. शिवाय अडीच लाखांचं ८.२ टक्क्यांनी व्याजच वर्षाला साडेवीस हजार होतं. तुमच्याकडे ५,००० लिटरचा टँकर १,२०० ला पडतो म्हणता. म्हणजे नुसत्या व्याजात १७ टँकर, ८५,००० लिटर, दरवर्षी.

एवढं पाणी लागतंच कुणाला? ८० आंब्यांचा हट्ट सोडा. तिसऱ्या वर्षी लाखाचा आंबा ही रोपवाल्याची भाषा. तेव्हा झाडाचा मोहोर तोडायचा असतो. तुमचा भाग सीताफळाचा आणि अंजिराचा. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून विसावतं. ४० सीताफळं लावा. बुडाशी वाळल्या गवताचं जाड आच्छादन असेल, तर लहान रोपाला आठवड्याला १५ लिटर पुरतात. ४० झाडांना ६०० लिटर. फेब्रुवारी ते मे, सतरा आठवडे धरले तर दहा हजार लिटर. एवढीच तुमची गरज!

शेततळ्याचंही याच मापाने बघू. १५ बाय १५ मीटरचं तळं म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग २२५ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं, तर १,३५० लिटर गेले. झाडं आठवडाभरात पितील त्याच्या दुपटीहून जास्त, एका दिवसात. वर बांधासकट तीन गुंठे अडणार.

शेडचं छप्पर साधारण २२ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर. ५०० मिलिमीटर पाऊस धरून, उडणारं-सांडणारं वजा जाता नऊ हजार लिटर येतात. दोन टाक्या बसवाव्यात असं मलाही आधी वाटलं. पण दुसऱ्या टाकीला ३५ हजार घालून वाचणार वर्षाला एक टँकर. ते पैसे फिटायलाच तीसेक वर्षं लागतील. म्हणून ५,००० लिटरची एकच काळी टाकी, पत्र्याला पन्हळ, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला एक तोटी. ४५ हजारांत काम होतं. कमी पडेल तो एक टँकर मार्चअखेरीला, टाकी रिकामी होत आली की मागवा. मे उजाडेपर्यंत थांबलात तर गावच्या पिण्याच्या पाण्याशी तुमची स्पर्धा होईल.

आणि रानात पडणाऱ्या पावसाचा विचार करा. २० गुंठ्यांवर वर्षाला दहा लाख लिटर पडतात. उताराला आडवे चर आणि बांध स्वतः घातलेत तर त्यातलं बरंचसं मातीतच थांबेल. विलासराव साळुंखेंनी ७२च्या दुष्काळानंतर तुमच्याच तालुक्यात, नायगावला, पाणी पंचायत म्हणजे गावकऱ्यांनी पाणी वाटून घ्यायची व्यवस्था उभी केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, आणि ऊस नाही. आधी पाणी मोजलं, मग पीक ठरवलं. तुमचे २० गुंठेही बरोबर अर्धा एकर आहेत.

टाकी दिवाळीनंतर घेतली तर यंदाचा पाऊस हुकेल, म्हणून ती याच महिन्यात बसवा. पण त्याआधी बँकेत जाऊन नोव्हेंबरच्या हप्त्याची खात्यातून आपोआप होणारी वजावट बंद करण्याचा अर्ज द्या. त्याची शिक्का मारलेली पोच घ्या आणि तो साहेब चहा पाजून ‘एकच वर्ष अजून भरा’ म्हणाला तरी सही करू नका.