'जी'चं पोट उघडं का? आणि फॉन्टविषयीच्या बाकीच्या चौकशा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की टायपोग्राफी शिकायला पन्नास फॉन्ट जमवू नका, एक बास्करव्हिल घेऊन बसा. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : सर, मी कमर्शियल आर्टला आहे. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असलेली ती बारीक रेघ, एवढं माहितीये. पण बास्करव्हिलमध्ये बघायचं काय? मला तो आणि टाइम्स न्यू रोमन सारखेच दिसतात. (कोल्हापूर)

सारखे दिसतात कारण तू ते वाचतोयस, बघत नाहीयेस. एक काम कर, वर्डमध्ये नुसता स्मॉल जी टाइप कर आणि साइज 300 दे, म्हणजे जवळपास स्क्रीनभर एकच अक्षर. आता त्याचं खालचं पोट बघ. रेघ खालून वळून येते आणि जोडायच्या आधीच थांबते, पोट उघडंच राहतं. टाइम्समध्ये ते बंद असतं. मग कॅपिटल क्यू बघ, त्याची शेपटी कशी ऐटीत बाहेर पडते, आणि कॅपिटल ईची खालची दांडी वरच्या दांडीपेक्षा लांब आहे की नाही तेही बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचा, स्मॉल ओ. त्यातला जाड भाग बरोबर डावी-उजवीकडे आणि बारीक भाग जवळपास वर-खाली येतो, म्हणजे अक्षराचा कणा उभा आहे. त्याच्या आधीच्या कॅस्लन या फॉन्टमध्ये हा कणा डावीकडे कलतो, कारण त्या आकारांच्या मुळाशी रुंद टोकाचा, तिरका धरलेला टाक होता. बास्करव्हिलच्या काळापर्यंत टोकदार लवचिक टाक आला होता, दाबला की जाड आणि सोडला की बारीक. जॉन बास्करव्हिल हा बर्मिंगहॅमचा माणूस, सुरुवातीला सुंदर हस्ताक्षर शिकवायचा आणि थडग्यांवरचे दगड कोरायचा, मग लाखेसारखं रोगण दिलेल्या ट्रे वगैरे वस्तूंच्या धंद्यात चिकार पैसा केला, आणि 1750 च्या आसपास हा अक्षरांचा नाद लागला. हाताला जे वळण होतं तेच धातूत उतरलं (प्रत्यक्ष ठसे कापले जॉन हँडी नावाच्या कारागिराने, त्याचं नाव फार कुणी घेत नाही). पुस्तकात याला ट्रान्झिशनल म्हणतात, म्हणजे आधीचा कॅस्लन आणि नंतरचा बोडोनी यांच्या मधला.

प्रश्न : आजीच्या पंच्याहत्तरीला तिच्या आठवणींची 40 पानी पुस्तिका छापली. नातवंडं अमेरिकेत म्हणून इंग्रजीत. वर्डमध्ये बास्करव्हिल ओल्ड फेस होता तो घेतला, 10 पॉइंट, मथळे बोल्ड, कागद चकचकीत आर्ट पेपर. स्क्रीनवर छान दिसत होतं, छापून आलं तर फिकट आणि वाचायला त्रास. चूक प्रेसची की माझी? (पुणे)

प्रेसची नाही हो. आणि तुमचीही पूर्ण नाही, नावानेच तुम्हाला फसवलंय.

बास्करव्हिल ओल्ड फेस हा बास्करव्हिलचा खरा वंशज नाहीच. 1760 च्या दशकात आयझॅक मूरने बास्करव्हिलच्या धर्तीवर जे टाइप कापले त्यांच्यावरून तो आलाय, आणि तो आहे मोठ्या साइजसाठी, मथळे, टायटल पेज वगैरे. मोठ्या साइजच्या फॉन्टमध्ये बारीक रेघा मुद्दाम जास्तच बारीक ठेवतात. 10 पॉइंटला त्या केसासारख्या होतात, जाड भाग तेवढे उरतात आणि शब्द तुटक दिसायला लागतो. त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत त्याची एकच साधी फाइल येते, बोल्ड नाही, इटॅलिक नाही. मग तुम्ही बी दाबलं की वर्ड रेघेला नुसती सूज आणतो. तुमच्या मथळ्यांमधले ए आणि ई बुजलेत ना, ते त्यामुळेच.

आता कागदाचं. जुन्या छपाईत खिळा (धातूचं सुटं अक्षर) कागदात दाबला जायचा, शाई थोडी पसरायची, त्यामुळे धातूवर जेवढी बारीक रेघ असेल त्यापेक्षा कागदावर जाड यायची. आताच्या ऑफसेट छपाईत तसा दाब नाही, आर्ट पेपरवर शाई पसरतही नाही, म्हणून खिळ्यावरून जसाच्या तसा काढलेला डिजिटल फॉन्ट तिथे अशक्त दिसतो, त्यात कागदाची चमक डोळ्यात जाते. गंमत बघा, बास्करव्हिलची अडचण बरोबर उलटी होती, त्याच्या नाजूक रेघा त्या वेळच्या खरखरीत कागदावर पसरून जाड होत होत्या. या पठ्ठ्याने काय केलं, तर शाई स्वतः बनवली, छापायचं यंत्र सुधारून घेतलं, जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद वापरायला सुरुवात केली, आणि छापलेली पानं तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढली. पहिलं पुस्तक, व्हर्जिल, 1757 मध्ये आलं, म्हणजे तयारीतच सात-एक वर्षं गेली. पैसे मात्र यात कधी सुटले नाहीत, ट्रेच्या धंद्यावर हा शौक चालला.

पुढच्या वेळी (आजीची शंभरी करा!) लिब्रे बास्करव्हिल घ्या, फुकट आहे, खरं बोल्ड आणि इटॅलिक आहे. कागद साधा मॅपलिथो, हलका क्रीम. आणि सगळं छापायच्या आधी दोन पानं त्याच कागदावर काढून रात्री ट्यूबलाइटखाली आजीलाच वाचायला द्या.

प्रश्न : 12 पॉइंट म्हणजे 12 पॉइंट ना? मग लिब्रे बास्करव्हिल एवढा मोठा आणि मॅकवरचा बास्करव्हिल बारका का दिसतो? (ठाणे)

कारण पॉइंट हे अक्षराचं माप नाहीच, ते खिळ्याच्या अंगाचं माप आहे. 72 पॉइंट म्हणजे एक इंच, तर 12 पॉइंटचा खिळा इंचाचा सहावा भाग. त्या जागेत अक्षर किती मोठं बसवायचं ते काढणाऱ्याच्या मर्जीवर. बघायची असते स्मॉल एक्सची उंची, एक्स-हाइट. लिब्रे बास्करव्हिल स्क्रीनवर वाचण्यासाठी काढलाय म्हणून एक्स-हाइट मुद्दाम वाढवलीये, छापायला मी तो साडेनऊ-दहाच घेतो. आणि एक्स-हाइट मोठी म्हणजे ओळींमधली पांढरी जागा कमी होते, तेव्हा लेडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर वाढवा, 10 पॉइंटच्या अक्षराला 15 पॉइंटची ओळ द्या. लेडिंग हा शब्द शिशावरूनच आलाय, खिळ्यांच्या दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे.

प्रश्न : पत्रिकेत नावं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवीत. बास्करव्हिलसोबत देवनागरी कोणता? देवनागरीत सेरिफ असतो का? (नाशिक)

शिरोरेषेला काही जण सेरिफ म्हणतात, मला ते पटत नाही. सेरिफ हा रेघेचा शेवट आहे, शिरोरेषेला अख्खं अक्षर लटकतं. जोडी जुळवताना सेरिफ विसरा आणि जाड-बारीक बघा. आपलं वळण तिरक्या कापलेल्या बोरूचं, त्यातही जाड-बारीक आहेच. तेव्हा सगळीकडे सारख्या जाडीचा सपाट देवनागरी बास्करव्हिलशेजारी ठेवलात तर एक जण शेरवानीत आणि एक ट्रॅकपँटमध्ये असं दिसेल. बोरूचं वळण ठेवलेला घ्या. देवनागरी एखाद-दोन पॉइंट मोठाच ठेवा, कारण वेलांटी, मात्रा आणि खालचे उकार यांना जागा देण्यात मूळ अक्षर लहान होतं.

आणि मरून छापलेल्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं नकोत, प्लीज. माझ्याच मावसभावाच्या पत्रिकेत मी हा शहाणपणा केला होता, बारीक रेघांमध्ये मरून शाई शिरली आणि ई, एफ ओळखू येईनात. मावशी अजून काढते तो विषय.

प्रश्न : सेरिफमुळे डोळ्यांना त्रास होतो म्हणतात, खरं का? (बेळगाव)

हे गाऱ्हाणं बास्करव्हिलच्या हयातीतलंच आहे. 1760 च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने त्याला एक किस्सा पत्रातून कळवला. लंडनमधला एक गृहस्थ फ्रँकलिनला म्हणाला, या बास्करव्हिलच्या बारीक रेघांनी देशातले सगळे वाचक आंधळे होतील, कॅस्लनची अक्षरं बघा, कशी डोळ्यांना सुखाची. फ्रँकलिन स्वतः छपाईतला. त्याने आत जाऊन कॅस्लनच्याच नमुन्याचा कागद घेतला, वरचा नावाचा भाग फाडून टाकला, आणि हा बास्करव्हिलचा म्हणून त्याच्या हातात दिला. जरा दाखवा बरं कुठे खुपतंय. गृहस्थाने एकेका अक्षरावर बोट ठेवून दोष दाखवले, हे बघताना आत्ताही डोळे दुखतायत म्हणाला. आयुष्यभर आपण ज्यात आरामात वाचत आलोय तीच ही अक्षरं, हे फ्रँकलिनने त्याला त्या वेळी सांगितलं नाही, बिचाऱ्याची फजिती नको म्हणून.