घरासाठी कमी वीज खाणारा कपड्यांचा ड्रायर कोणता घ्यावा?

हीट पंपवाला ड्रायर घ्या. साध्या ड्रायरमध्ये हीटरने तापवलेल्या हवेतली उष्णता बाहेर किंवा खोलीत वाया जाते. हीट पंप तीच उष्णता दमट हवेतून काढून पुन्हा वापरतो, त्यामुळे वीज साधारण निम्मीच लागते. हवा कमी तापते म्हणून कापडही टिकतं. ओलावा ओळखणारा सेन्सर मात्र हवाच, नाहीतर कपडे वाळले तरी यंत्र फिरतच राहतं. आणि वॉशिंग मशीनमध्ये कपडे मिनिटाला १२००-१४०० फेऱ्यांवर पिळून घ्या: पाणी पिळून काढायला लागणारी वीज ते तापवून उडवण्यापेक्षा कितीतरी कमी असते. हीट पंपवाल्या ड्रायरची अडचण अशी, की कपड्यांच्या एका खेपेला वेळ जास्त लागतो. खोली फार थंड असेल तर आणखी.