रात्री बाहेर जायचंय, खिशात पाचशेच आहेत

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाचे आहेत. आपली कोल्हापूरची पोरं-पोरी शिकायला पुण्यामुंबईला गेलीत, रात्री कुठं जायचं, किती लागतात, परत कसं यायचं हे घरात विचारता येत नाही म्हणून इथं विचारलंय. चांगलं केलंत. काही माहिती नसताना जाण्यापेक्षा विचारून गेलेलं कधीही बरं, तेव्हा या वेळचा सगळा कॉलम त्यालाच.

प्रश्न: ताई, मी राजारामपुरीचा, वय 22, पुण्यात एमबीएला आलोय, कोथरूडला चौघं मिळून फ्लॅट घेतलाय. वर्गातली पोरं सारखी केपी केपी (कोरेगाव पार्क) करत असतात. मी कधी क्लबात गेलेलो नाही. कुणी म्हणतं नुसत्या पोरांना सोडत नाहीत, कुणी म्हणतं दोन हजार लागतात. माझ्याकडं महिन्याला बाहेर फिरायला हजार-दीड हजारच उरतात. जमंल का?

उत्तर: जमंल की भावा, फक्त हिशोब दारापासून न करता तुझ्या फ्लॅटच्या कुलपापासून कर. म्हणजे कसं, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, विमाननगर ही सगळी क्लबांची लाईन शहराच्या पूर्वेला आणि तू राहतोस पश्चिमेला, मधे दहाएक किलोमीटर. मेट्रो रात्री अकराला बंद होते आणि क्लबात रंग भरतो तोच मुळात अकरानंतर, म्हणजे जाताना मेट्रोनं स्वस्तात गेलास तरी येताना रिक्षा नाहीतर कॅब आलीच. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत रिक्षाच्या मीटरवर सव्वापट भाडं असतं, तेव्हा मीटरनं आला तरी दोनशेच्या वर जातात, आणि दीड वाजता सगळे क्लब एकदम सुटतात तेव्हा मीटरनं येणारा रिक्षावाला शोधूनच काढावा लागतो, कॅबचं भाडं तर दुप्पट झालेलं असतं. चौघांत वाटलं तर काही नाही, पण चौघंही परत एकत्र येणार असतील तरच. म्हणून मी म्हणते, आधी परतीचं ठरवा, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवा, मग उरले त्यात कुठला क्लब बसतो ते बघा. स्वस्त क्लब गाठला पण परतायचे पैसे नाहीत, तर मग माणूस कुणाच्यातरी बाईकवर तिसरा बसतो, आणि तो बाईकवाला पण प्यायलेला असतो. सगळे घोळ तिथं होतात.

आता दारातलं. कव्हर म्हणजे आत सोडायला घेतात ते पैसे, तो दोन प्रकारचा असतो, एक आत गेल्यावर खाण्यापिण्याच्या बिलात वळता होतो आणि दुसरा नुसता आत सोडायचा, तो गेला तो गेला. निघायच्या आधी फोन करायचा आणि सरळ विचारायचं, कव्हर किती, पूर्ण रिडीम होतो का म्हणजे बिलात वळता होतो का, नुसती पोरं चालतात का. लाजायचं नाही, रोज शंभर जण विचारतात त्यांना. शुक्रवार-शनिवारी नुसत्या पोरांना बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात किंवा कव्हर जास्त लावतात, हे खरंय. तेच मंगळवार, बुधवार, गुरुवार गेलात तर कित्येक ठिकाणी कव्हर नसतोच, म्युझिक तेच, नाचायला जागा उलट जास्त. चप्पल आणि हाफ पँट घालून जाऊ नका, तेवढ्यावरनं परत पाठवतात.

आत गेल्यावर बिल नीट वाचायचं. जेवणावर साधारण 5 टक्के जीएसटी, दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट वेगळा. आणि खाली सर्व्हिस चार्ज म्हणून दहा टक्के लावले असतील तर ते द्यायची सक्ती नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसे निर्देश काढलेत आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवले. शांतपणे सांगायचं, हे काढून द्या. वेटरशी भांडायचं नाही, त्याच्या हातात काही नसतं, मॅनेजरला बोलवायचं. आणि जेवून जा रे बाबांनो. उपाशी पोटी गेलं की पैसे पण जास्त जातात आणि चढते पण लवकर.

महिन्यातनं एकदा असं जा. बाकीच्या रात्रींना पुण्यात क्लबच लागतो असं नाही, पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात पोरांचा जो आरडाओरडा चालतो तो एकदा बघच, आणि डिसेंबरात सवाई गंधर्वच्या शास्त्रीय गाण्याला खुर्ची परवडत नसली तर खाली भारतीय बैठकीचं तिकीट काढून बस. 1953 पासून चालू आहे हा महोत्सव, पूर्वी तर रात्रभर चालायचा. गाण्यातलं कळत नसलं तरी बस.

प्रश्न: मी 19 वर्षांचा आहे. मित्र म्हणतात आयडी कुणी बघत नाही, चल. जाऊ का?

उत्तर: नको. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, आणि शिवाय परमिट लागतं, एका दिवसाचं विदेशी दारूचं परमिट 5 रुपयांना मिळतं, वर्षाचं 100, कायमचं 1000. हे बऱ्याच मोठ्या माणसांना पण माहीत नसतं. आणि आयडी बघत नाहीत हे पूर्वीचं झालं. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका 17 वर्षांच्या मुलानं दोन पबमध्ये पार्टी करून पोर्श गाडी चालवली आणि बाईकवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव गेला, त्यानंतर पबला सील लागले, मालक-मॅनेजरला अटक झाली. दुसऱ्याचं आधार कार्ड दाखवून शिरायचं तर अजिबातच डोक्यात आणू नकोस, तो वेगळा गुन्हा होतो. दोन वर्षं काय, बघता बघता जातील. तोवर गाण्याचे गिग, विनोदाचं स्टँडअप, कुणालाही स्टेजवर चढता येतं तो ओपन माईक, यातल्या कित्येक जागांना वयाची अट नसते, तिकीट काढताना तेवढं बघून घ्यायचं.

प्रश्न: ताई मी मूळची कागलची, अंधेरीला पीजीत राहते, इंटर्नशिप चालू आहे, वय 23. ऑफिसातल्या मुली लेडीज नाईटला चल म्हणतात, एंट्री फ्री असते, ड्रिंक पण फ्री. मला पण जावंसं वाटतं, पण फ्री आहे म्हटल्यावर भीती वाटते. आईला सांगितलं नाही.

उत्तर: जावंसं वाटतं यात काही वावगं नाही गं, आठवडाभर राबून एक रात्र मैत्रिणींबरोबर नाचावं वाटलं तर बिघडलं काय. फ्रीचं गणित पण साधं आहे, मधल्या वारी क्लब रिकामा असतो, मुली आल्या की मागनं पैसे खर्च करणारी गर्दी येते, म्हणून तुम्हाला फुकट. तुम्ही कुणाचं देणं लागत नाही, कुणी येऊन बोललं, ड्रिंक पाठवलं, तर नको म्हणायला काही कारण द्यावं लागत नाही. ग्लास हातातनं सोडायचा नाही, टेबलावर ठेवून नाचायला गेलीस तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, नवा घ्यायचा, फुकटचाच तर आहे. आणि 23 वय म्हणजे कायद्यानं बिअरच, कॉकटेल नाही, फुकट मिळालं तरी.

जागा निवडताना परत तेच सांगते, घराजवळची निवड. तू अंधेरीला, तर अंधेरी, खार, बांद्रा इथपर्यंतच. कुलाबा-लोअर परळला गेलीस तर तिकडं रिक्षाच चालत नाहीत, टॅक्सी नाहीतर कॅब, आणि रात्री एक वाजता तिथनं अंधेरी म्हणजे फुकटच्या एंट्रीचे पैसे दुपटीनं वसूल झाले. लोकलचं म्हणशील तर शेवटची गाडी साडेबारा-एकच्या दरम्यान सुटते आणि पहिली पहाटे चारच्या आसपास, मधले तीन तास काही नाही. म्हणून एकतर शेवटची लोकल धरायची म्हणजे बाराला क्लबातनं बाहेर, किंवा चौघी मिळून एक कॅब आणि सगळ्यात लांबची मुलगी घरात पोचल्याचा मेसेज येईपर्यंत कुणी झोपायचं नाही. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलिस असतात, त्या डब्यातच चढ. 112 हा मदतीचा नंबर फोनमध्ये सेव्ह नको, पाठच कर.

कुलाब्याला संध्याकाळीच गेलात तर मात्र मजा आहे. मोंडेगार कॅफेत भिंतीभर मारिओ मिरांडांची चित्रं आणि ज्यूकबॉक्स, ताजच्या मागं गोकुळ बार, विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या तिथं बसून गेल्या कारण बाकी कुलाब्यापेक्षा स्वस्त. सातला जायचं आणि अकराच्या लोकलनं परत.

अजून एक. रूफटॉप असो की तळघर, आत शिरल्यावर आधी दुसरा दरवाजा कुठं आहे ते बघायचं. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिल्सला गच्चीवरच्या पबला आग लागली तेव्हा 14 जणांचा जीव गेला, त्यातल्या कितीतरी पोरी तुझ्याच वयाच्या होत्या. दुसरा दरवाजा दिसत नसेल, नाहीतर त्याच्यासमोर खोकी रचलेली असतील, तर उलट्या पावली बाहेर यायचं, कव्हर बुडाला तरी.

आईला सांगणं न सांगणं तुझ्यावर आहे. पण रूममेट नाहीतर बहीण, कुणातरी एकीला जागेचं नाव आणि परतायची वेळ कळवल्याशिवाय जाऊ नकोस.

प्रश्न: माझा मुलगा पुण्यात इंजिनियरिंगला आहे. मित्रांबरोबर पबला जातो असं कळलं. आमच्या घरात असलं कधी झालं नाही. पैसे पाठवणं बंद करावं का? – एक वडील, शाहूपुरी

उत्तर: दादा, तुमची काळजी कळते. बातम्याच तशा येतात, झोप उडतेच. पण पैसे बंद केले तर तो जायचा थांबणार नाही, दुसऱ्याच्या पैशानं जाईल आणि दुसऱ्याच्या गाडीनं परत येईल, ते जास्त वाईट. त्याच्याशी एकदा बसून बोला, ओरडायला म्हणून नको. वय किती, कुणाबरोबर जातोस, परत कसा येतोस हे तीनच प्रश्न विचारा. वय बसत नसेल तर तिथं मात्र ठामपणे नाही म्हणा. आणि त्याला एक शब्द द्या, रात्री कितीही वाजता अडकलास तर फोन कर, मी कॅबचे पैसे लगेच पाठवतो, बोलणी खाल्लीस तर ती दुसऱ्या दिवशी. हा शब्द पाळा मात्र. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडला तरी 10 हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, हे पण त्याला सांगा. बापाकडनं ऐकलेलं राहतं लक्षात.

प्रश्न: आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलची पोरं. सगळे पुण्यामुंबईचं विचारतात, कोल्हापुरात रात्री दहानंतर काय करायचं ते सांगा की.

उत्तर: हा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं. पुण्यासारखी क्लबांची लाईन आपल्याकडं नाही, ते खरं. पण शंभर रुपयात आपल्याकडं जी रात्र होते ती तिकडं होत नाही. गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं तालमीची पोरं पण येतात आणि नोकरीवरनं सुटलेली पण. खासबागेला भेळ, पुढं कॉकटेल आईस्क्रीम, आणि मग रंकाळ्यावर जाऊन गप्पा हाणत बसायचं. नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा निघते तेव्हा महाद्वार रोड बघा, फुटबॉल वर्ल्डकपच्या रात्री पेठांतनं हिंडा, ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लावून गल्लीत पडदा टाकून मॅच बघणारं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा मला. बाहेरनं शिकायला आलेल्या पोरांना हे कुणी दाखवतच नाही, कोल्हापूरच्या पोरांनी हॉस्टेलच्या पोरांना घेऊन जायला पाहिजे.

पण तुम्हाला म्हणायचंय ते कळतंय, म्युझिक पाहिजे, स्टेज पाहिजे. तर ते उभं करायला तुम्हीच पुढं या. लाऊडस्पीकरचा जो नियम आहे, रात्री 10 ते सकाळी 6 बंद, तो उघड्या जागेला आहे. बंद सभागृहात, आवाज बाहेर जाणार नाही असा, कार्यक्रम करता येतो. एखादा छोटा हॉल घ्या, पोलिसांची परवानगी लेखी काढा, चाळीस पोरांनी शंभर-शंभर काढले की चार हजार झाले, त्यात हॉल आणि साधा साऊंड बसवायचा प्रयत्न करा, ओपन माईक ठेवा, कुणी रॅप करंल, कुणी पोवाडा म्हणंल. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं तेव्हा किती कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते ते सगळ्यांनी बघितलंय. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं थिएटर ते. या गावाला स्टेजची भूक आहे, पोरांनी सुरुवात केली तर माणसं येतील. मुलींना वेळेत परत पोचवायची सोय आधी करा, नाहीतर तो फक्त पोरांचाच कार्यक्रम होऊन बसंल.

हुक्क्याचं पण एकानं विचारलंय. 2018 पासून राज्यात हुक्का पार्लरला बंदी आहे, कुठं चोरून चालू असेल तर धाड पडल्यावर पकडले जाणारे तुम्हीच. जाऊ नका.

प्रश्न: आम्ही सहा मित्र वीकेंडला गोव्याला चाललोय, मित्राची गाडी आहे. शनिवारी रात्री क्लब करून लगेच कोल्हापूरला परत यायचं ठरलंय, रूमचे पैसे वाचतात. कमी पैशात अजून काही टिप?

उत्तर: हा बेत बदला. रात्रभर जागून, पिऊन, पहाटे घाट चढून यायचं, त्यात ड्रायव्हर पण तुमच्यातलाच, यात वाचवण्यासारखं काहीच नाही. सहा जणांत एक साधी रूम किंवा हॉस्टेलचे बेड माणशी फार पडत नाहीत, समुद्राला लागून न घेता थोडं आत घेतलं की अजून कमी. झोपा, जेवा, रविवारी दुपारी उजेडात निघा. एकानं अजिबात प्यायची नाही आणि परतीला गाडी त्यानंच चालवायची, ते निघतानाच ठरवा, तिथं गेल्यावर नाही. क्लबात गर्दी मुंगी शिरणार नाही इतकी असली तर आत जाऊच नका, डिसेंबर 2025 मध्ये आर्पोऱ्याच्या क्लबात आग लागून 25 जण गेले ते विसरू नका. आणि सहा जण पाच सीटच्या गाडीत बसणार असाल तर सहाव्यानं गोव्याची कदंबा बस नाहीतर आपली एसटी धरायची.