केबल वळवली तरी प्रकाश बाहेर का पडत नाही? पडतो की!

प्रश्न होता: ऑप्टिकल फायबर प्रकाश आत कसा घेते, आणि केबल कशीही वळवली तरी तो बाहेर का पडत नाही?

‘कशीही वळवली तरी’ हे ज्यानं सांगितलं त्यानं खांबावर चढून तंतूंच्या जोडाचा एकही डबा उघडलेला नाही. मी खानापूर तालुक्यात अकरा वर्षं फायबर जोडतोय आणि ह्याच समजुतीपायी माझी दोन दिवसांची मजुरी कापली गेलीय.

पूर्ण आंतरिक परावर्तन (तिरपा आलेला प्रकाश काचेच्या सीमेवरून सगळाच आत परततो, ते) शाळेत झालंय, ते परत सांगत नाही. खरी गोम आकड्यांत आहे. काचेचा तंतू 125 मायक्रॉन जाड, त्यात प्रकाश नेणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉन. भोवतीचं आवरणही काचेचंच, दोघांच्या अपवर्तनांकात (काच प्रकाशाला किती वळवते त्या आकड्यात) अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. एवढ्याशा फरकावर प्रकाश परततो तो भिंतीला जवळजवळ घासत गेला तरच. म्हणून तोंडाशीही अट आलीच: सरळ रेषेपासून साधारण 8 अंशांच्या आत आलेला प्रकाश टिकतो. त्याहून तिरपा शिरतो, पण आवरणात जाऊन विरतो. ढीगभर बॅटऱ्या लावा, उपयोग नाही.

आता माझं ऐका. जांबोटीच्या बाजूला एक लाईन होती, बारा कोअरची, म्हणजे बारा तंतूंची. आषाढातला पाऊस, ताडपत्रीखाली बसून मी जोड मारले. डबा बंद केला तो ठेकेदाराच्या मेव्हण्यानं, कारण त्याला घरी जायची घाई. दुसऱ्या दिवशी एका कोअरवर ओटीडीआरनं (कुठं किती प्रकाश गळतो ते दाखवणारं मशीन) 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला 1.8 डीबी लॉस, म्हणजे प्रकाशाची गळती, दाखवला, नेमका त्या डब्याच्या जागी. अण्णा (ठेकेदाराला सगळे अण्णाच म्हणतात) म्हणाले, “जोड तुझा, लॉस तुझा.” मी म्हटलं, आत तंतू आवळून गुंडाळला असेल. त्यावर ते म्हणाले, “वळणानं लाईट अडली असती तर चोर्ल्याच्या घाटातनं केबल आलीच नसती.” सगळे हसले. मीही हसलो, ते अजून सलतंय.

जोड आणि वळण एकाच डब्यात, त्यामुळं मशीनला अंतर एकच दिसतं. पण तेच माप 1310 नॅनोमीटरच्या आखूड तरंगावर घ्या. जोड वाईट असेल तर दोन्हीकडं जवळपास सारखाच लॉस येतो. वळण असेल तर 1550 वर कितीतरी जास्त, कारण लांब तरंग गाभ्याबाहेर जास्त पसरलेला असतो आणि वळणावर आधी तोच निसटतो. माझं 1310 चं माप आलं 0.1. डबा उघडला तर आतल्या ट्रेच्या कडेला तंतू करंगळीला गुंडाळावा तसा दाबलेला. सैल केला, 1550 पण जागेवर आलं. पैसे मात्र आले नाहीत.

घाटाचं वळण कित्येक मीटरचं असतं हो अण्णा! बांगडीएवढं वळण चालतं, अंगठीएवढं नाही. आत घेतानाची 8 अंशांची अट वाटेतही सुटत नाही. घट्ट वळणावर प्रकाश भिंतीला घासत न जाता जास्त समोरून आदळतो आणि पलीकडे जातो. तंतूच्या तोंडाशी लाल लेसरची पेनलाईट लावून बघा, वळणावर तंतू बाहेरून चमकतो. तो चमकणारा प्रकाश म्हणजे तुमचा गेलेला डीबी.

त्यामुळं जोडकाम करणाऱ्या पोरांनो, दोन्ही तरंगलांबीची मापं घेऊन फोटो काढून ठेवा, आणि डबा स्वतः बंद करा. मेव्हणा कुणाचाही असो.

दोन गोष्टी राहिल्या. 9 मायक्रॉनच्या गाभ्यात किरण खरोखर आपटत जात नाही, तिथं तरंगाचं गणित लागतं. किरणाचं चित्र मल्टिमोडला, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरला, जास्त शोभतं. आणि घरात येणारी नवी वायर बहुधा जी.657 जातीची, म्हणजे वळण जास्त सोसणारी, असते. तिच्यातला काही प्रकार 7.5 मिलीमीटर त्रिज्येचं वळणही सोसतो, म्हणजे जवळपास अंगठीएवढं. हे अण्णांना कुणी सांगू नका.